साध्या पिसांचा कोंबडा

"आईंना कोंबड्यांच्या पणज्या-खापरपणज्या पाठ आहेत. माझा वाढदिवस विचार, म्हणतील थांब, कॅलेंडर बघते."

वैष्णवी हे मोरीत भांडी घासता घासता म्हणाली. म्हणाली नवऱ्याला, पण मोरीची जाळी मागच्या बाजूला उघडते, आणि त्याच जाळीखाली पाटावर बसून सासू एका पिल्लाला हळद-खोबरेल लावतेय, हे तिच्या ध्यानात नसावं. किंवा असावंही. कोपरखैरण्याच्या ह्या बैठ्या घरांत कुणाच्या ध्यानात काय आहे ते सांगता येत नाही. भिंती इतक्या पातळ, की शेजारणीनं उसासा टाकला तर इकडची फोडणी विझायची.

सुचिताला राग आला नाही. वाढदिवस तिला खरंच आठवत नव्हता. पावसाळ्यात कधीतरी असतो. झिपरी कोंबडी खुडूक बसली होती तेव्हा, एवढं नक्की.

"आणि वरच्या मजल्याचं काय झालं?" आतून पुन्हा आवाज. "अख्ख्या लाइनीत दोन-दोन मजले चढले. एक आपलंच घर असं बसलंय, फतकल मारून. मी विषय काढला की तू फोनमध्ये घुसतोस."

"बघू ना. टेन्शन नको घेऊ," रणजीत म्हणाला.

"घर आपलं, जागा आपली. बघायचं काय त्यात?"

ह्यावर रणजीतनं नळ सोडला. सुचितानं पिल्लाला जिथं हळद लावून झाली होती, तिथंच पुन्हा लावली.

पिल्लू महिन्याभराचं होतं आणि त्याच्या अंगावर पिसं म्हणावं असं काही नव्हतं. पाठीवर नुसत्या काड्या. झिजलेल्या टूथब्रशला जसे चार-दोन केस राहतात तशा, आणि त्याही हात लावला की मोडायच्या. मधून मधून लाल कातडी. ते थंडीनं कुडकुडत तिच्या पदरात शिरू बघत होतं. ह्या विणीतली बरीचशी अशीच निघाली होती. निम्मी गेली. उरलेली खोक्यात, बल्बखाली.

ही कोंबडी उलट्या पिसांची. म्हणजे पिसं अंगाशी चापून बसायची सोडून मुळातच वळतात आणि डोक्याकडे तोंड करून उभी राहतात. वाऱ्यात छत्री उलटते तशी अख्खी कोंबडी उलटलेली. गावाकडे म्हणतात, अशी एक दारात असली की करणी दारातूनच मागे फिरते. म्हणून तर ती कुणी पाळायला मागत नाही. मागतात ती उताऱ्याला. अमावास्या जवळ आली की लाइनीच्या टोकाला कुणीतरी अनोळखी माणूस चपला घासत उभा राहायचा.

"मावशी, ती उलट्या पिसांची तुमच्याकडंच ना?"

"पाळायला पाहिजे का कापायला?"

माणूस स्वतःच्या अंगठ्याकडे बघायचा.

"मग जा. ज्यानं सांगितलंय त्याला म्हणावं, स्वतःचे केस उलटे विंचर, बाधा पळून जाईल."

असं करून करून तिनं ही कोंबडी टिकवली होती. गावोगावची संपली, कुणी कापून संपवली, कुणी फार्मवरची पिल्लं आणून त्यात मिसळून टाकली. सुचिताकडे मात्र अस्सल राहिली. अंगानं लहान, पाय काळे, स्वभाव भांडखोर, आणि अंड्यावर बसली की भूकंप झाला तरी न उठणारी. दहावी नापास बाई, पण कोंबडीचं कुठलं आजारपण कुठल्या पाल्यानं हटतं, उन्हाळ्यात पाण्यात काय टाकायचं, सगळं आपलं आपण चुका करकरून शिकली. नवरा हौसेराव जन्मभर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहिलेला माथाडी. आता गुडघे गेले, म्हणून पुढच्या खोलीत खाटेवर बसून टीव्हीवरच्या पुढाऱ्यांना शिव्या देतो. मुलगा महापेला कम्प्युटरच्या कंपनीत. त्या सगळ्यांत हिला स्वतःचं असं काही असेल तर ह्या कोंबड्या.

आणि मग सीवूड्सहून राजवर्धन आला. चाळिशीचा, गोरागोमटा, कर्जतला त्याचं शेतघर. देशी कोंबड्यांचे व्हिडिओ करायचा. खुराड्यासमोर उकिडवा बसून तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कल्पना आहे का, हे तुम्ही काय सांभाळलंय? ही हेरिटेज ब्रीड आहे."

सुचिताला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मॅडम म्हणालं होतं. तिनं मागे वळून बघितलं, वैष्णवी आली की काय.

"ही लाइन तुमच्याकडे कशी आली?" त्यानं मोबाइल तिच्यावर रोखला.

"सासूबाईंची. पाटण तालुक्यातून एसटीनं आणली त्यांनी, मांडीवर डालगं घेऊन. तेव्हापासून आहे आमच्याकडं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. फक्त 'आणली' आणि 'आमच्याकडं' यांच्या मधोमध एक माणूस होतं, ते तिनं ओलांडलं. व्हिडिओत नीट ऐकलं तर त्याच वेळी पुढच्या खोलीत हौसेरावांनी टीव्हीचा आवाज वाढवलेला ऐकू येतो.

निघताना राजवर्धन म्हणाला, "एकच सांगू का मॅडम? ही साधी पिसंवाली कशाला ठेवता ह्यांच्यात? प्युअर करा. लोक लांबून बघायला येतील."

प्रत्येक विणीत थोडी साध्या पिसांची निघायचीच. दिसायला चारचौघींसारखी. सासूबाई, राहीबाई, असताना कोंबडा नेहमी साध्या पिसांचाच ठेवायच्या. सुचिताला वाटायचं, म्हातारीला दृष्टीच नाही. एवढा देखणा झिपऱ्या कोंबडा देवाला सोडते नि हा मास्तरासारखा दिसणारा घरात ठेवते. त्यामुळे राजवर्धनचं बोलणं तिला पटकन पटलं. साध्या कोंबड्या एकेक करून रविवारच्या रश्श्यात गेल्या. शेवटी तो मास्तर कोंबडाही गेला, राजवर्धन जेवायला आला त्या दिवशी. राहिली ती सगळी उलटी, एकाहून एक झिपरी, आणि वर झिपऱ्या नावाचा कोंबडा, ज्याला बघून लाइनीतली पोरं टाळ्या पिटायची.

पहिली वीण बरी निघाली. दुसऱ्या विणीत पिसं विरळ. आणि आता ही उघडी पिल्लं.

राजवर्धनला फोन केला तर तो चाचरला. "मॅडम, सॉरी हां. मी नंतर वाचलं. उलट्याला उलटी लावत गेलं की पुढं पुढं पिसं टिकतच नाहीत. मध्ये साधा लागतो. त्याच लाइनचा साधा मेल शोधा, नाहीतर ही लाइन गेली."

"त्याच लाइनचा साधा तुम्ही म्हणालात म्हणून तर कापला."

"हो, ते..."

"आणि तुम्ही दोनदा वाढून घेतलंत."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खुराड्यासमोर बसून राहिली. म्हणजे म्हातारीला सगळं माहीत होतं. कधी बोलली नाही, कारण कुणी विचारलं नाही.

मग तिची वणवण सुरू झाली. घणसोली गावातल्या एका आगरी म्हातारीकडे कोंबडा आहे म्हणून कळलं. म्हातारी छातीवर हात मारून म्हणाली, "आस्सल गावठी हाय गो, माज्या नातवानी आनलाय." बघते तर पिवळेधमक पाय आणि पैलवानाच्या मांड्या. फार्मवरचा संकर. पनवेलच्या बाजाराला गेली, तिथं 'गावरान' म्हणून टोपल्याच्या टोपल्या भरलेल्या, सगळ्या एका साच्यातून काढलेल्या. असला कोंबडा घातला तर पिसं येतील, पण मग ती राहीबाईंची कोंबडी राहणार नाही. मग तिच्यात आणि त्या टोपलीत फरक तो काय?

त्या संध्याकाळी ताट पुढ्यात घेऊन हौसेराव म्हणाले, "घावला का कोंबडा?"

"नाही."

त्यांनी भाकरी मोडली. घास हातातच राहिला. "तिच्याकडं असतील. गावाला."

रणजीतनं मीठ मागितलं, ते त्याच्या ताटातच होतं. वैष्णवीनं तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "कोणाकडे?"

"आहे एक नात्यातली," सुचिता म्हणाली.

त्या नात्यातलीचं नाव उज्वला. हौसेरावांच्या धाकट्या भावाची, बाबासोची, बायको. आणि हे घर बाबासोचं. माथाडींच्या घरांच्या सोडतीत दोघा भावांनी नाव घातलं होतं. धाकट्याचं लागलं, थोरल्याचं नाही. बाबासो-उज्वला इथं राहायला आली, हौसेरावांचं बिऱ्हाड तुर्भ्याला भाड्याच्या खोलीत राहिलं. मागच्या जागेत कोबा केला त्या दिवशी राहीबाईंनी उज्वलासाठी आणलेली पहिली कोंबडी ओल्या सिमेंटवरून चालत गेली. उज्वला किंचाळली, बाबासो पोट धरून हसला. ती पावलं अजून कोब्यात आहेत. आणि रणजीत बारावीला होता त्या साली बाबासो मार्केटातच, दुपारच्या जेवणानंतर पोत्याला टेकून बसला तो उठलाच नाही.

उज्वलाला मूलबाळ नव्हतं. एकटी कशी राहील, म्हणून हे तिघं सोबतीला आले. मग राहीबाई गावाला आजारी पडल्या, म्हणून उज्वला चार दिवस त्यांच्याकडे गेली. जाताना थोड्या कोंबड्या न्यायच्या म्हणाली. सुचितानंच निवडून दिल्या. "ह्या साध्या ने गं. गाडीत उलट्यांची पिसं मोडतात." ते चार दिवस अजून चालूच होते. राहीबाई गेल्यालाही वर्षं झाली. येऊ नको असं तिला कुणी म्हणालं नाही. ये असंही कुणी म्हणालं नाही. दिवाळीला साडी जायची, मार्केटात गावाकडून भाजीच्या गाड्या येतात त्यांच्या ड्रायव्हरजवळ. उलट टपाली तांदळाची पिशवी यायची. ह्यापलीकडे त्या घरात तिचं नाव निघत नसे. वरच्या मजल्याला परवानगी काढायची तर सही कुणाची लागेल हे तिघांना माहीत होतं, म्हणून मजला चढत नव्हता. वैष्णवीला लग्न होऊन येऊन दोनच वर्षं झालेली. तिला सांगितलं होतं, घर आपलं.

दुसऱ्या दिवशी सुचितानं मागे जाऊन, झिपरीला मांडीवर घेऊन, फोन लावला.

"उज्वला, मी बोलतेय. अक्का."

"बोला की अक्का. समदी बरी हायती न्हवं?"

हिनं पिल्लांचं सांगितलं. उज्वला म्हणाली, "साध्या पिसांचा कोंबडा कापला व्हय? आत्तीबाई त्याला कधी हात लावू द्यायच्या न्हाईत."

"तुझ्याकडं आहे का?"

"हाय की. चांगला तुरेबाज हाय. तुमीच दिलेल्यांच्यातला."

सुचितानं झिपरीची मान खाजवली. "मग भाजीच्या गाडीवर दे ना कुणाजवळ तरी. हे जातील मार्केटात घ्यायला."

"जिवंत जनावर गाडीवाल्याच्या जिवावर कुटं सोडायचं? वाटंत मरंल." आणि मग, अगदी सहज, "मीच घिऊन येते."

येऊ नको म्हणायला सुचितानं तोंड उघडलं होतं. पण मांडीवर झिपरी होती आणि खोक्यात ती उघडी पिल्लं चिवचिवत होती. "ये," ती म्हणाली.

ही बातमी ऐकून हौसेरावांनी टीव्ही बंद केला. असं क्रिकेटची मॅच हरतानासुद्धा होत नसे.

"तुला कळतंय का काय करतीस?"

"कोंबडा आणतेय."

"कोंबडा," ते म्हणाले. "एका कोंबड्यापायी."

"चार दिवस राहील नि जाईल."

हे बोलल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. चार दिवस हा शब्द त्या घरात जपून वापरायला हवा होता.

उज्वला शनिवारी सकाळी आली. हौसेराव निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच मार्केटला कामाला गेले होते. काय काम ते सांगितलं नव्हतं. रणजीतला महापेला एकाएकी जादा काम निघालं होतं. दार वैष्णवीनं उघडलं. दारात एक सडसडीत बाई, चष्म्याला दोरी, एका खांद्याला पिशवी, आणि काखेत डालगं, त्यावर फडकं बांधलेलं. फडक्यातून एक शांत, पिवळसर डोळा बाहेर बघत होता.

"तू रणजीतची व्हय? द्वाड व्हता लहानपणी. माझ्या चुलीत चेंडू टाकायचा."

"तुमच्या चुलीत म्हणजे गावाला?"

"गावाला कुटं? हितं. गॅस यायच्या आदी." उज्वला चपला काढून सरळ मागे गेली. मोरी कुठं, मागचं दार कुठं, कुणाला विचारलं नाही. खुराड्याच्या दाराला कडी म्हणून पोती ओढायचा लोखंडी आकडा अडकवलेला होता. मुठीला गुंडाळलेली निळी दोरी झिजून काळी पडलेली. तिनं तो आकडा काढला, हातात धरला, मुठीवरून अंगठा फिरवला, नि परत होता तसा अडकवला. तो बाबासोचा होता. वैष्णवी बघत होती आणि सुचिता वैष्णवीकडे बघत होती.

कोंबडा खरोखरच साधा होता. तांबूस, काळी शेपटी, काळे पाय. शेजारी झिपऱ्या राजासारखा फुललेला, आणि हा आपला बसस्टॉपवर उभा असावा तसा. सुचिता त्याला लगेच आत सोडायला निघाली.

"थांबा थांबा! टोचून मारतील त्याला. पैलं डालग्याखालीच ठिवायचा, शेजारी. एकमेकांस्नी बघू दे. वळख झाली की सोडायचा. आन त्या झिपऱ्याला हलवा दुसरीकडं, न्हायतर एकमेकांचे डोळे फोडतील."

"किती दिवस?"

"त्यांचं ते ठरिवत्यात," उज्वला म्हणाली.

असं उज्वलाचं राहणं कोंबड्याच्या हाती गेलं. आणि गंमत अशी, की सुचिताला ते गोड लागू लागलं. सकाळी दोघी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसायच्या. उज्वला खोक्यातली उघडी पिल्लं पदराखाली घ्यायची आणि त्यांना नावं ठेवायची, गावातल्या टकल्या माणसांची. एकाचं नाव तिनं ग्रामसेवक ठेवलं. सुचिता इतकी हसली की बशीतला चहा सांडला. पूर्वी ह्याच पायरीवर उज्वला तिच्या केसांना तेल लावून द्यायची. आता तेल लावण्याइतके केस दोघींच्याही डोक्यावर राहिले नव्हते. बोलणं मात्र सगळं कोंबड्यांचं. कोब्यातल्या पावलांपाशी आलं की दोघी वळसा घालायच्या.

हौसेराव घरात असले तरी खाटेवरून हलत नसत. उज्वला समोरून गेली की छताकडे बघत. जेवताना तिला थेट न बोलता बायकोला सांगत, "गावाकडं घर बंद ठिवून जमत न्हाय म्हणावं. वाळवी लागती."

"शेजारीण बघते, दादा," उज्वला डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणायची.

"शेजाऱ्यांचा काय भरवसा."

"ते बी खरंच. आपलीच मानसं बरी." आणि ती त्यांना आणखी आमटी वाढायची.

वैष्णवी मात्र प्रश्न विचारायची. काकी, तुम्ही इथं कधी राहात होता? किती वर्षं? काका कुठं कामाला होते? आई मग मागून आल्या का? उज्वला विचारलं तेवढंच सांगायची, खोटं नाही आणि जास्तही नाही. रात्री पार्टिशनपलीकडून वैष्णवीची कुजबूज येईनाशी झाली. सुचिताला तिच्या कुरकुरीपेक्षा ती शांतता जड गेली.

पुढच्या शुक्रवारी डालगं उचललं. कोंबडा बाहेर आला, अंग झटकलं, एक पाय मागे ताणला. झिपरी धावून आली. कोंबड्यानं जमिनीवर चोच आपटून कुटुकुटु आवाज केला, एक दाणा उचलला, आणि खाल्ला नाही, तिच्यापुढे टाकला. झिपरीनं मान वाकडी करून त्याला न्याहाळलं आणि दाणा टिपला.

"झालं," उज्वला म्हणाली. "आता होतील पिसंवाली."

सुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पदरानं टिपलं आणि कोंड्याची धूळ गेली म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे घरात असताना हौसेरावांनी घसा साफ केला. "रणजीतनं मोबाइलवर तिकीट काढलंय. उद्या सकाळची गाडी. कोंबडा रुळला, आता काम झालं."

रणजीत मोबाइलमध्येच बघत होता. उज्वला ओट्याशी लसूण सोलत बसली होती. तिनं हातातली पाकळी पुरती सोलली, वाटीत टाकली, सालं गोळा करून डब्यात टाकली. "बरं," म्हणाली.

आणि उठून मागे गेली. दिवेलागणीला कोंबड्या दांडीवर जाऊन बसतात, तेव्हा त्यांना धरणं सोपं असतं. तिनं आकडा काढला, हात आत घातला, आणि कोंबड्याला एवढ्या अलगद उचललं की त्यानं हूं की चूं केलं नाही. कापडी पिशवीत त्याला बसवलं, मान बाहेर ठेवून बंद बांधला. पिशवी घेऊन आत येऊन उभी राहिली.

"अगं, त्याला कुठं?" सुचिता म्हणाली.

"ह्यो बी चालला माझ्यासंगं."

"उज्वला, अगं आजच तर... त्याच्याशिवाय ह्यांचं काय होणार? तुला माहितेय."

"म्हाईत हाय, अक्का."

"मग असू दे ना इथं."

"न्हाय. जनावर मालकापाशीच बरं. एकदा चार दिवस म्हणून ठिवलं की मागं घ्यायला जीव धजत न्हाय."

तिनं हे अगदी हळू सांगितलं. आवाजात ना राग, ना रडं. तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं; हौसेरावांना त्याच्यावर ओरडता आलं असतं. तसा काही आधार न मिळाल्यामुळे ते खाटेवरून उठलेच, गुडघ्यावर हात ठेवून, लालबुंद होऊन.

"एका कोंबड्यापायी आडवं लावतीस? आँ? इतकी वर्षं साड्या धाडल्या, कवा काय कमी केलं? आमी काय तुझं घर घिऊन पळून चाललोय का?"

टीव्ही बंदच होता.

"मी कोंबड्याचं बोलत व्हते, दादा," उज्वला म्हणाली.

वैष्णवीच्या हातात पोळीचं लाटणं होतं. ते तिनं पोळपाटावर आडवं ठेवलं. "तुझं घर म्हणजे? कुठलं घर, बाबा?"

"तू आत जा," रणजीत म्हणाला.

"मी आतच आहे. कुठलं घर?"

हौसेराव पुन्हा खाटेवर बसले आणि रिमोट शोधू लागले. तो त्यांच्या मांडीखाली होता. रणजीतनं मोबाइल उलटा करून ठेवला. सुचितानं उज्वलाकडे बघितलं. उज्वलाचे ओठ मिटलेले होते आणि ते मिटलेलेच राहणार होते. इतकी वर्षं ती बोलली नाही, आत्ताही बोलणार नव्हती. सकाळी चहा घेईल, पाया पडेल, आणि पिशवी घेऊन गाडीत बसेल. मागे खुराड्यात झिपरी राहील, खोक्यात ग्रामसेवक राहील, घर राहील. पुढच्या विणीला पिसांच्या काड्याही उगवणार नाहीत.

सुचितानं पुढे होऊन पिशवीचा बंद धरला. एक टोक उज्वलाच्या हातात, एक तिच्या. कापडाआडून कोंबड्याचा जीव धडधडत होता, गरम. हे आपण कशासाठी करतोय, ह्याची तिला लाज वाटली. बाईसाठी नाही सुचलं इतकी वर्षं, कोंबड्यासाठी सुचतंय. पण बंद तिनं सोडला नाही.

"सुचिता!" खाटेवरून आवाज आला.

तिनं तिकडे बघितलं नाही. ती सुनेकडे बघत होती.

"हे," ती म्हणाली. "आपण उभे आहोत ते. हे घर उज्वलाचं आहे."